मधलीच गोळी

दुपारचे अडीच वाजलेले. बाहेर पारा ४६ वर आणि आत कूलर नुसताच घरघरतोय, म्हणजे टाकीतलं पाणी सरलं. मे महिन्यात या वेळी नागपुरात कोणी कोणाकडे जात नाही, साधा फोनही करत नाही. भांडी आवरून मी माठाशी गेले आणि पेला तोंडाला लावता लावता तो नेहमीचा प्रश्न उपटला. सकाळची गोळी घेतली का मी?

ज्यांना बीपी आहे त्यांना पुढचं सांगायला नको. गोळी घेतल्याचं अगदी लख्ख आठवतं, फक्त ते आजचं की कालचं ते कळत नाही. तोच पेला, तीच खिडकी, खिडकीबाहेर तेच कडुनिंब. डोकेदुखीची गोळी माणूस विसरत नाही. आधी डोकं ठणकत असतं, मग थांबतं, त्यामुळे ती आठवणीत जागा धरून बसते. हिच्याआधी काही होत नसतं आणि नंतरही काही होत नाही. काही होऊ नये म्हणूनच तर घ्यायची. न झालेली गोष्ट लक्षात ठेवायची तरी कशी?

डॉक्टरांनी एक सांगून ठेवलंय, आठवत नसेल तर वरून दुसरी टाकायची नाही, सरळ उद्याची वेळ धरायची. ते ठीक. पण खात्री झाल्याशिवाय जिवाला चैन पडत नाही. मग उरतं पत्ता मोजणं.

यातली माझी खोड सांगते. मी गोळ्या ओळीने काढते. डावी ओळ वरून खाली, ती संपली की उजवी. एक तारखेला नवा पत्ता, अकराला दुसरा, एकवीसला तिसरा. एकतीस दिवसांचा महिना आला की हिशेब एका गोळीने बिघडतो आणि दिवसभर मला कुठेतरी खुपत राहतं. ज्याने कॅलेंडर केलं त्याला बीपी नसावं.

आमच्या ह्यांचं सगळं उलट. हे कुठलीही गोष्ट मधूनच सुरू करतात. बिस्किटचा पुडा मधून फोडतील, पेपर मधल्या पानापासून वाचतील, पोळ्यांच्या चळतीतली मधलीच पोळी ओढतील. ती गरम असते म्हणे. तापाच्या गोळीचा पत्ता यांच्या हाती पडला की दात पडलेल्या तोंडासारखा दिसायला लागतो. चौतीस वर्षं झाली, मी आता पुडे लपवून ठेवते.

तर आज तारीख चौदा. अकराला पत्ता फोडला, आजची धरून चार गेल्या, सहा उरायला हव्यात. चष्मा आतल्या खोलीत होता, म्हणून बोटाने चाचपून मोजल्या. पाच. पुन्हा मोजल्या. पाचच.

म्हणजे मी दोन घेतल्या? इतका वेळ ठणठणीत होते, पण हा विचार आला आणि लगेच गरगरायला लागलं. खुर्चीवर बसले. खरं तर मशीन काढून मोजायचं. पण उठून कपाटापर्यंत जायचा कंटाळा आणि आकडा काय निघेल याची भीती, दोन्ही एकदम आले. बसूनच राहिले.

मशीन म्हणजे मुलाने पुण्याहून आणलेलं, बटण दाबलं की स्वतःच फुगणारं. त्यात पारा नाही. दवाखान्यांमधूनही तो आता हद्दपार होत चाललाय, पण आकडा अजून पाऱ्याच्याच मिलिमीटरमध्ये सांगतात. घरमालक निघून जावा आणि दारावरची पाटी तशीच राहावी, तसं काहीसं.

आमच्या लहानपणी पारा मात्र खराखुरा होता. १९७३ सालची गोष्ट. बडकस चौकाजवळच्या वाड्यात आम्ही राहायचो, मी तिसरीत होते. बाबा एजी ऑफिसात, म्हणजे महालेखापालांच्या कचेरीत. संध्याकाळी त्यांची सायकल वाड्यात शिरली की आई आम्हाला हळूच सांगायची, आज यांचा पारा चढलाय, गडबड करू नका. हे आठवड्यातून चार दिवस तरी असायचं. पुढे एकदा ऑफिसात बाबांना चक्कर आली आणि दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून डॉक्टर घरी आले. त्यांनी एक लांबट पेटी काढली. झाकण उघडून उभं केलं तर आत काचेची नळी आणि तिच्या तळाशी चमचमणारा पारा! माझा एकदम उलगडा झाला. बाबांचा जो चढतो तो हाच.

डॉक्टरांनी बाबांच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि रबरी फुगा दाबायला लागले. पारा सरसर वर. मी दम धरून बघत होते आणि तोंडातून निघून गेलं, "डॉक्टरकाका, बाबांचा राग किती आहे आज?" आई पदर तोंडाला लावून आत पळाली. डॉक्टर मात्र हसले, त्यांनी माझ्या कानात नळ्या घातल्या आणि म्हणाले, ऐक. आधी काहीच नाही. पारा उतरता उतरता एकाएकी टक, टक, टक, जसं कोणी लांबवर सुपारी फोडतंय. मग तेही विरलं. आवाज सुरू झाला तो वरचा आकडा, बंद झाला तो खालचा. कोरोतकोव्ह नावाच्या रशियन डॉक्टरने १९०५ साली हे आवाज पहिल्यांदा नोंदले, हे मला फार नंतर कळलं. त्या दिवशी मला इतकंच वाटलं की बाबांच्या आत कोणीतरी आहे आणि ते दार वाजवतंय.

वरचा १९० निघाला. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि सर्पगंधेच्या मुळीपासून केलेली आहे म्हणाले. आजी माजघरातून ऐकत होती. तिने सर्प तेवढा ऐकला.

"सापाची गोळी देऊन राहिले का माझ्या पोराला?"

तिला सगळ्यांनी समजावलं. झाड आहे, मुळी आहे, सापाचा काही संबंध नाही. तिने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी देवघरातून हाक, "अरे, सापाची गोळी घेतली का?" नागपंचमीला तिने पाटावर गंधाने नाग काढला आणि गोळ्यांची पुडी शेजारी ठेवून तिच्यावरही दोन अक्षता टाकल्या.

त्या मुळीचा जगभर बोलबाला झाला तो मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. १९४९ साली त्यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्याबद्दल लिहिलं. तीन वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं. आपल्याकडे वैद्य मंडळी ती मुळी केव्हापासून वापरत होती, झोपेसाठी, वेडासाठी. हे वाचून मला अभिमान वाटायला हवा होता. पण मी हे ज्या लेखात वाचलं त्यातच खाली एक ओळ होती की या औषधाने काही रोग्यांचं मन खिन्न होतं, असं डॉक्टरांनी नोंदवलं होतं. मी तिथेच थांबले. कारण गोळी सुरू झाल्यावर बाबा गप्प झाले होते. ओरडणं बंद, पारा चढणं बंद. संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायचे, डास फोडून काढायचे तरी उठायचे नाहीत. गोळी लागू पडली म्हणून आई खूश होती. आम्ही भावंडंही खूश, घरात मोठ्याने हसता यायला लागलं होतं. बाबा त्यात नव्हते हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

वर्षभराने त्यांनी गोळी आपल्या आपणच सोडली. आता बरं वाटतं, मग कशाला? आणि एका दुपारी वांग्याच्या भाजीत मीठ नाही म्हणून ताट सरकवून असे ओरडले की वाड्यातली कबुतरं उडाली. आई रडायला लागली. आजीने मात्र देवाला हात जोडले. तिचा पोरगा परत आला होता. चौपन्नाव्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हाही गोळी बंदच होती.

सापाचं मात्र राहिलंच. मला बीपी निघालं ते एक्कावन्नाव्या वर्षी. पहिली गोळी मिळाली एनालाप्रिल. ती सुरू झाली आणि कोरडा खोकला लागला. भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी असा काही ठसका काढला की भटजींनी सावधान मध्येच थांबवलं. डॉक्टर म्हणाले, या गोळीने काहींना होतो असा खोकला, बदलू. घरी येऊन मी कुतूहलाने वाचत बसले, तर या घराण्याच्या गोळ्यांचं मूळ निघालं ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या विषारी सापात. तो चावला की माणसाचं बीपी धाडकन पडतं. हे कसं घडतं ते त्याच्या विषावरून शोधता शोधता माणसांसाठी औषध तयार झालं. पहिली गोळी कॅप्टोप्रिल, १९८१ साली अमेरिकेत मंजूर झालेली. माझी एनालाप्रिल तिचीच धाकटी बहीण. म्हणजे आजी चुकली नव्हती, तिचा फक्त एका पिढीने नेम हुकला. नागपंचमीला मी तिच्या फोटोसमोर लाह्या ठेवल्या आणि जरा वेळ तिथेच खोकत उभी राहिले.

खोकल्याची गेली, पाय सुजवणारी आली. संध्याकाळी चपलेचे पट्टे पायावर कोरल्यासारखे दिसायचे. आता टेल्मिसार्टन. ती बिचारी काहीच करत नाही, म्हणूनच लक्षात राहत नाही.

उन्हाळ्यात हिची मात्रा कमी होते. मार्चअखेर डॉक्टरांनी ८० ची ४० केली. उन्हाने रक्तवाहिन्या सैल पडतात, घामाने पाणी जातं, बीपी आपोआप खाली येतं. म्हणजे नागपूरचा पारा चढला की माझा उतरतो. बाबांना हे सांगायला आवडलं असतं. मिठाचं मात्र कोणी नक्की सांगत नाही. डॉक्टर म्हणतात, दिवसाला चमचाभराच्या आत. शेजारीण म्हणते, अहो ऊन लागेल, पन्ह्यात मीठ टाका चांगलं. मी कैरीचं पन्हं करते, मीठ चिमटीत घेते आणि ती चिमूट सोडायच्या आधी निम्मी परत बरणीत. त्यात वाळवणाचे दिवस. गच्चीवर सांडगे पडलेत. मूग पापडाला पापडखार लागतोच आणि पापडखार म्हणजेसुद्धा सोडियमच, हे मला कळलं त्या दिवशी मी अर्धा पापड ताटात ठेवून उठले. अर्धाच. अर्धा खाल्ला होता.

ह्यांना यातलं काही नको असतं. तर्री पोह्यांवर दोनदा तर्री, वरून लोणचं. "मला काय झालंय?" बीपी मोजायला बसलं की निघतंच, हा यांचा सिद्धांत. मुलगा फोनवर ओरडतो, मी ओरडते, हे हसून टीव्हीचा आवाज वाढवतात. दिवाळीत मशीन आलं तेव्हा सगळ्यांनी हौसेने मोजून घेतलं, भांडी घासणाऱ्या मावशींनीही. तेवढ्या वेळात हे भाजी आणायला गेले होते. घरात दोन दिवसांची भाजी होती.

गरगरणं थांबलं तशी उठले. चष्मा लावला, खिडकीशी जाऊन पत्ता नीट पाहिला.

डाव्या ओळीतल्या वरच्या चार फुटलेल्या, पाचवी शाबूत. म्हणजे आजची मी घेतली होती, एकच. उजवी ओळ अजून लागायचीच होती. पण त्या ओळीतली तिसरी, बरोब्बर मधली, फुटलेली होती.

बराच वेळ मी ते भोक बघत उभी होते. मी मधून काढत नाही. या घरात मधून काढणारा माणूस एकच.

आतल्या खोलीत डोकावले. हे पालथे झोपले होते, अंगावर पेपर, मधलं पान उघडं. गेल्या आठवड्यात दोनदा म्हणाले होते, मान जड वाटते, उशी बदल. मी उशी बदलली होती.

माझी गोळी माझ्या आकड्याची. यांचा आकडा कोणाला ठाऊक? मशीन काढलं. बटण दाबलं तर पडदा कोराच. मागचं झाकण उघडलं, चारातले दोन सेल गळून पांढरे झाले होते. घरात नवे नाहीत, आणि दुकान पाचशिवाय उघडत नाही.

टीव्हीच्या रिमोटमधले दोन काढले. बसले बरोबर.

साडेचारला उठले की हे आधी रिमोट शोधतात. मी चहाचं आधण ठेवलंय.