छत्तीसचा आकडा

आम्ही अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहायला आलो त्या पहिल्या ऑक्टोबरात मी आईला फोनवर म्हटलं, "आज रात्री ३६ होणार आहे गं, मिरच्यांचं काय करू सुचत नाहीये." निफाडहून लगेच सहानुभूती आली. "अगंबाई, तिकडेही ऑक्टोबर हीट? आणि तीही रात्रीची? पंखा आहे ना घरात?"

फॅरनहाइटमधले ३६ म्हणजे आपले दोन-सव्वादोन. माणसाला स्वेटर पुरतो. मिरचीला पुरत नाही. पाणी ३२ ला गोठतं हे शाळेत घोकलेलं, त्यामुळे अजून चार अंश हातात आहेत अशा हिशेबाने मी निवांत झोपले. सकाळी पानं उकडलेल्या पालकासारखी लोंबत होती. मग पलीकडच्या आजींनी कुंपणावरून शिकवणी घेतली. हवामान खात्याचा पारा माणसाच्या छातीच्या उंचीवर, तुझी मिरची गुडघ्याएवढी. आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडला, की जमीन दिवसभराची ऊब वर सोडून देते, गार हवा जड म्हणून खाली बसते, आणि वर ३६ असताना खाली पानावर दहिवर गोठतं. ढग असले तर एवढं भ्यायचं नाही, ते गोधडीचं काम करतात.

तेव्हापासून आमच्या बागेचा आणि ३६ चा खरोखरच छत्तीसचा आकडा आहे. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेत ही गंमत इंग्रजी आकड्यांत दिसत नाही, म्हणून मी फ्रीजवरच्या कॅलेंडरवर तो मराठीतच लिहून ठेवते.

वर्षातून अशा दोनच रात्री मोजायच्या: वसंतातली शेवटची आणि शरदातली पहिली. मधले पाच महिने आपले. नेपरव्हिल शिकागोच्या पश्चिमेला तीसेक मैलांवर, म्हणजे मिशिगन तळ्यापासूनही तेवढंच लांब. त्याला तळं म्हणणं हाही एक विनोदच, पलीकडचा काठ दिसत नाही. वसंतात टीव्हीवरचे हवामानवाले रोज न चुकता सांगतात, तळ्याकाठी गारवा राहील. शरदात उलटं. उन्हाळाभर तापलेलं पाणी सावकाश निवतं आणि काठाला ऊब देत राहतं. एव्हन्स्टनला तळ्याच्या जवळ राहणारी माझी मैत्रीण, माझ्या मिरच्या काळ्या पडल्यानंतरही दोन आठवडे ठेचा करून फोटो पाठवते. हिला मैत्री म्हणावं का, हा वेगळा प्रश्न.

एप्रिल हा तर इथला सराईत भामटा. एखाद्या मंगळवारी पारा ७५ वर जातो, लोक अर्ध्या चड्ड्यांत फिरायला निघतात, दुकानांच्या दारात टोमॅटोची रोपं मांडली जातात. नेमकी मी निफाडची, शेतकऱ्याची मुलगी. मला कोण शिकवणार? सहा रोपं आणली, लावली. आजी एवढंच म्हणाल्या, "मदर्स डे होऊ दे." मेचा दुसरा रविवार. आपल्याकडे मृग लागायची वाट बघतात, तसा इथला हा पेरणीचा मुहूर्त. मला तो भेटकार्डवाल्यांचा सण वाटायचा. चौथ्या रात्री सहाही रोपं गेली. आता मी मेच्या मध्यापर्यंत रोपं खिडकीत ठेवते आणि दुकानाच्या दारातल्या टोमॅटोंकडे बघतसुद्धा नाही. मृगाला, म्हणजे ७-८ जूनला, माझी रोपं नुकती मुळं धरून उभी राहिलेली असतात.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने थंडीच्या पट्ट्यांचा नवा नकाशा काढला. १९९१ ते २०२० या तीस वर्षांत दर हिवाळ्यात पारा नीचांकी कुठवर गेला, त्याची सरासरी. जवळपास निम्मा देश अर्ध्या पट्ट्याने उबदार झालेला निघाला. नवऱ्याने याचा अर्थ 'आता अंजीर लावायला हरकत नाही' असा काढला आणि नावातच शिकागो असलेलं 'शिकागो हार्डी' आणलं. मी त्याला ३० जानेवारी २०१९ ची आठवण करून दिली. त्या दिवशी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर पारा उणे २३ फॅरनहाइटला, म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे तिसाच्याही खाली गेला होता, आणि गाड्या चालाव्यात म्हणून रुळांच्या सांध्यांशी जाळ लावला होता. अंजीर सरासरीने मरत नाही, एका रात्रीने मरतं. ते झाड दर हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळतं आणि दर जूनमध्ये बुडातून फुटतं. फळ आजवर तीन. नवरा ती संख्या सांगताना 'यंदा' हा शब्द घालतो, तेवढं मी चालवून घेते.

आई-बाबा यायला लागल्यापासून एक गोष्ट लक्षात आली. त्यांना एका वेळी सहा महिने राहता येतं. बर्फ नको म्हणून ती एप्रिलअखेर येतात आणि ऑक्टोबरात परततात. म्हणजे त्यांचा मोसम आणि टोमॅटोचा मोसम जवळपास एकच. कढीपत्त्याची कुंडी आत घ्यायची आणि त्यांच्या बॅगा बाहेर काढायच्या, ही दोन्ही कामं एकाच आठवड्यात येतात. आईला हे मी सांगितलं तर ती म्हणाली, "कुंडीला तिकीट लागत नाही, एवढाच फरक."

बाबांनी पहिल्या दिवशी मागच्या अंगणातली माती चिमटीत चोळली आणि विचारलं, "वरची काळी कुणी उचलून नेली?" प्रश्न बरोबर होता. इलिनॉय काळ्या मातीसाठी प्रसिद्ध. हजारो वर्षं उंच गवत वाढलं, कुजलं, त्यातून झालेली ती माती. पण वसाहत बांधताना तो थर खरवडला गेला आणि आमच्या वाट्याला खालची चिकणमाती आली. ओली असताना लोणी, वाळली की वीट. बाबांनी दोन ऑक्टोबर गळलेली पानं गोळा करून वाफ्यांत पुरली. शेजाऱ्यांनी पोत्यांत भरून रस्त्याकडेला ठेवलेलीसुद्धा. मी लाजेने अर्धमेली. आता तिथे गांडुळं दिसतात.

थंडीचं मात्र त्यांना शिकवावं लागलं नाही. निफाडकरांना शेकोटीची भाषा कळते. डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पेपरात छापून येतो, आणि तो फारच उतरला की रात्री द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, पाणी सोडलं जातं. कडाक्याच्या थंडीने द्राक्षाचे मणी तडकतात. तेव्हा इथला ३६ ऐकून बाबांनी पहिलं काय विचारलं असेल, तर "सरपण कुठे मिळेल?" अंगणात दोन-चार शेकोट्या म्हणजे बंब येईल, हे पटवायला मला संध्याकाळ लागली. मग ते पाण्यावर आले. दुपारी उन्हातच वाफे भिजवायचे. ओल्या मातीत ऊब जास्त साठते आणि रात्री ती हळूहळू सुटते. आजींचं म्हणणं, वरून पांघरूण घाला, पण ते छत्रीसारखं झाडावर टांगू नका, जमिनीपर्यंत आणा. ऊब जमिनीतून येते, झाडातून नाही. एकीकडे निफाडचा शेतकरी, एकीकडे आजी, मध्ये दुभाषी मी. दोघांचं एकमत झाल्याचं दोघांनाही कळलं नाही, कारण दोघंही आपलंच सांगत होते.

गेल्या वर्षी ती दोघं बारा ऑक्टोबरला गेली. एकोणीसला फोनवर आकडा आला: ३५, आभाळ निरभ्र, वारा नाही. झाडांवर अजून पाचेक किलो हिरवे टोमॅटो. निम्म्यांची दाण्याचं कूट घालून चटणी झाली असती, पण पाच किलोंची चटणी खाणारी माणसं नुकतीच विमानात बसून गेली होती. दुपारी वाफे भिजवले. संध्याकाळी जुने पलंगपोस काढले, ते दोन झाडांतच संपले. मग कपाटाच्या वरच्या फळीवर आईने आणलेली सोलापुरी चादर दिसली. लाल-हिरवी, अजून घडीच मोडलेली नाही. जाडजूड, वजनदार, हवी तशी.

सहा वाजता अंधारू लागलं होतं. निफाडला पहाटेचे साडेचार, आई उठलेलीच असते. व्हिडिओ लावला आणि अंगणाकडे फिरवला.

"अगं, ती नवी सोलापुरी! मातीत घातलीस?"

मी गप्प. मागून बाबांचा झोपाळू आवाज आला, "कडा जमिनीला टेकल्यात का विचार तिला."

आईने चष्मा लावला आणि पडद्याजवळ आली. "डावीकडची उचलली गेलीये गं. दिसतंय मला इथून. तिथे वीट ठेव."