गाभेमर दिसायच्या आधी

मुळशीत आमचं एकरभर भातखाचर आहे, इंद्रायणीचं. मी पुण्यात नोकरीला, रोजचं बघणं काकांकडे. गेल्या खरिपात खोडकिडीसाठी दाणेदार औषध न फेकता ट्रायकोकार्डावर, म्हणजे किडीची अंडी मारणारे मित्रकीटक ज्यातून निघतात त्या कार्डावर, हंगाम काढायचा ठरवलं.

या किडीचा पतंग पिवळा. मादीच्या पुढच्या पंखांवर एकेक काळा ठिपका. ती पानाच्या शेंड्याकडे पुंजक्याने अंडी घालते आणि वर पिवळट केसांचं पांघरूण घालते. आठवडाभरात अळ्या निघून खोडात शिरतात. एकदा आत गेल्या की वरून काही करणं अवघड. म्हणजे जे करायचं ते अंडी असतानाच.

लावणीला आलेल्या बायांना रोपांचे शेंडे खुडायला सांगितले, शेंड्यावरची अंडी तिथेच जावीत म्हणून. "असं कुठं भात लावत्यात व्हय?" म्हणत हसल्या, पण खुडले.

मग दोन कामगंध सापळे लावले, मादीच्या गंधाने नरांना ओढणारे. त्यात नर अडकायला लागले की काकांनी फोन करायचा आणि मी कार्ड घेऊन निघायचं. हेक्टरी 50,000 अंड्यांची शिफारस आहे आणि एका कार्डावर साधारण 20,000 असतात, म्हणजे एकराला एक पुरतं. ही अंडी तांदळात जाळी करणाऱ्या पतंगाची. त्यांच्या आत ट्रायकोग्रामाची बारीक गांधीलमाशी वाढत असते. ती बाहेर पडली की खोडकिडीच्या अंड्यांत आपली अंडी घालते आणि ती निकामी करते. हे ऐकल्यावर काकूने कार्ड फ्रीजमध्ये ठेवू द्यायला साफ नकार दिला! त्यामुळे आणलं त्याच संध्याकाळी पट्ट्या कापून पानांच्या खाली टाचायच्या. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच.

तरी काही चुडांत गाभेमर दिसलीच. मधला पोंगा वाळलेला, ओढला की अलगद हातात. काका औषध आणायला निघाले. "काका, आधी मोजू तरी," म्हणून थांबवलं. किडलेले फुटवे शेकडा पाचाच्या आत होते. फुटवे येण्याच्या काळात भात एवढी तूट भरून काढतं, आणि फवारलं असतं तर आधी आमच्या माश्याच मेल्या असत्या.

खरी धास्ती लोंब्यांच्या वेळची. तेव्हा अळी लागली तर लोंबी पांढरी, पोकळ निघते आणि तिला इलाज नाही. म्हणून शेवटचं कार्ड लोंब्या निसवण्याच्या आधी लावलं. पांढऱ्या लोंब्या निघाल्या, पण तुरळक. जास्त त्या रात्रभर दिवे जळणाऱ्या बंगल्याकडच्या बांधाला. हे पतंग दिव्यावर येतात, तरी एवढ्यावरून बंगल्याला दोष देणार नाही.

कापणी जमिनीलगत केली, कारण अळ्या धसकटात दडून राहतात. लगेच नांगरायला काकांची हरकत नव्हती, हरभरा टाकायचाच होता. यंदा शेजारच्या खाचरवाल्यांनीही कार्डं मागितली आहेत. सगळ्यांची एकदम आणली तर एकाच संध्याकाळी लावून होतील.