सातव्या वलयाचं नाव

पावसाळ्यात न्हाणीच्या भिंतीवर चढणाऱ्या वाणी किड्याला काडी लावली की तो वेटोळं करून नाण्यासारखा पडून राहतो. म्हणून त्याला पैसा म्हणायचं, झालं बारसं! शास्त्राला एवढ्यावर भागवता येत नाही. वाणीसारख्या सहस्रपादांच्या नोंद झालेल्या प्रजातीच बारा हजारांच्या आसपास आहेत, आणि हात लावला की त्यातल्या कितीतरी अशाच गुंडाळतात.

मग पाय मोजावेत का? उपयोग नाही. कात टाकताना वलयं वाढतात, त्यांबरोबर पायही वाढतात. एकाच प्रजातीतल्या दोन किड्यांचा हिशेब जुळेलच असं नाही. सहस्रपाद या नावाची लाज तर २०२१ साली राखली गेली. पश्चिम ऑस्ट्रेलियात साठ मीटर खोल बोअरमध्ये सापडलेल्या यूमिलिपेस पर्सेफोनीला १,३०६ पाय निघाले. तोवर हजाराचा आकडा कुणीच गाठला नव्हता.

ओळख पटते ती बहुतेकदा वयात आलेल्या नराच्या सातव्या वलयावरून. डोक्यामागची पट्टी हे पहिलं वलय. त्याला पाय नसतात. पुढच्या तिघांना एकेक जोडी, तिथून दोन-दोन. मोजत सातव्यावर आलं की नराच्या पायांच्या रांगेत खिंडार दिसतं. तिथले पाय चालण्याचे राहिलेले नसतात, ते वीर्य पोचवण्याची अवजारं झालेले असतात. त्यांना गोनोपॉड म्हणतात. बाहेरून जुळे वाटणारे दोन किडे इथे वेगळे पडतात: एकाच्या गोनोपॉडला आकडा, दुसऱ्याच्या टोकाला दोन फाटे. बारीक चिमट्याने ते सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या बाजूंनी चितारायचे. घाईत टोक मोडलं, तर ओळखच मोडली. सह्याद्रीतल्या आर्थ्रोस्फेरा या सहस्रपादाची तऱ्हा उलटी. तो गोळीसारखा गुंडाळतो आणि त्याची अवजारं शेपटाकडे असतात; गोळी होऊनच मेला, तर उलगडताना हात टेकावे लागतात.

नमुना सत्तर-ऐंशी टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा. फॉर्मॅलिनमध्ये तो ताठरतो. रंग अल्कोहोलमध्येही उतरतो, म्हणून फोटो जिवंतपणीच काढून घ्यावा. ठिकाण आणि तारखेची चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाकावी. बॉलपेनची शाई विरघळते आणि मग बाटलीत उरतो तो बेवारस किडा.

नाव लिहिण्याची रीत हजेरीपटासारखी, आडनाव म्हणजे घराण्याचं (वंशाचं) नाव आधी, मग प्रजातीचं. ज्यूलस टेरेस्ट्रिस पुढे नाव ठेवणारा शास्त्रज्ञ आणि साल, लिनियस, १७५८, असं बिनकंसाचं येतं, कारण त्याने ठेवलं त्याच घरात हा किडा अजून आहे. त्याच्याच ज्यूलस सॅब्युलोससला पुढे ऑमॅटोयूलस घराण्यात दत्तक दिलं. म्हणून तिथे (लिनियस, १७५८) कंसात. दोन कंसांत अख्खं दत्तकविधान! कुणाच्या नावावरून नाव ठेवताना लॅटिन प्रत्ययही सांभाळावा लागतो. टेनेसीच्या डोंगरातल्या किड्याला २०२२ मध्ये गायिका टेलर स्विफ्टचं नाव दिलं, ते स्त्रीलिंगी षष्ठी लावून: नॅनॅरिया स्विफ्टाए (swiftae).

माद्यांचं मात्र अडतं. गोनोपॉड नाहीत, म्हणून चिठ्ठीवर घराण्यापुढची जागा कोरीच राहते. त्याच जागी पुन्हा ओल धरली आणि नर हाती लागला, किंवा डीएनए जुळला, तर ती भरायची. तोवर बाटली कपाटात.