नारी म्हणजे काय

सुट्टीत साताऱ्याला गेले की कुणीतरी विचारतंच, "मुलीचं नाव नारी का ठेवलंस गं? बाईला बाई म्हटल्यासारखंच झालं की!" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

ही आपली संस्कृतातली नारी नव्हे. कोरियन भाषेत नारी म्हणजे लिलीचं फूल. दक्षिण कोरियात, सूवन शहरात, आमच्या घरामागच्या टेकडीवर जुलैत केशरी पाकळ्यांची, काळ्या ठिपक्यांची लिली फुलते. तिला 'छामनारी' म्हणतात, खरी नारी. मार्चअखेर रस्त्याकडेला पिवळीधमक झुडपं बहरतात, ती 'केनारी'. हा 'के' म्हणजे आपण रानटी, कमअस्सल म्हणतो तसं. मला मात्र केनारीही तितकीच लाडकी आहे. हिवाळा सरल्याचं तीच आधी सांगते. लिलीला 'पेखाप' असंही म्हणतात, पण तो शब्द चिनी अक्षरांतून आलेला. नारी अस्सल कोरियन.

नावांच्या बाबतीत हा फरक तिथे फार मोठा. बहुतेक नावांचा अर्थ त्यामागच्या चिनी अक्षरांत असतो. 'जि' उच्चार एकच, पण अक्षर निवडाल तसा अर्थ शहाणपण होतो किंवा निश्चय. म्हणून नाव कळलं तरी 'अक्षरं कुठली?' हे विचारावंच लागतं. हानुल म्हणजे आकाश, ईसुल म्हणजे दव, अशी अक्षरांवाचूनची नावं 1970-80च्या दशकांत पुष्कळ ठेवली जाऊ लागली.

माझ्या सासूबाई त्याआधीच्या. त्यांचं नाव मालसुन. 'माल' म्हणजे शेवट, 'सुन' म्हणजे निमूट ऐकणारी. पाच बहिणींतल्या त्या पाचव्या. आता मुली पुरे, म्हणून हे नाव. त्यांच्या वर्गात एक हूनाम होती, म्हणजे 'हिच्यामागून मुलगा'.

मला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी साताऱ्याची, माझ्या शाळेत दोन नकुशा होत्या. 2011 साली आमच्या जिल्ह्यातल्या 285 मुलींनी ते नाव टाकून नवं घेतलं, हे मी सासूबाईंना सांगितलं, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नवी नावं काय घेतली त्यांनी?"

नातीचं नाव त्यांनीच सुचवलं. जन्मनोंदणीचा अर्जही त्यांनीच भरला. किम या आडनावाचं चिनी अक्षर, सोनं या अर्थाचं, त्यांनी घोटून घोटून काढलं. नावापुढचा अक्षरांचा रकाना कोराच ठेवला. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "आजी, अक्षरं राहिली का?"

"अक्षरं नाहीत," त्या म्हणाल्या. "फूल आहे."