सर्वांत मागून चालणारी मादी

केनियातील अम्बोसेली येथे पिवळ्या बबूनांचा, म्हणजे टोळीने राहणाऱ्या मोठ्या आफ्रिकी माकडांचा, अभ्यास १९७१ पासून सलग चालू आहे. जीन आणि स्टुअर्ट ऑल्टमन यांनी सुरू केलेल्या या कामात टोळीतला प्रत्येक प्राणी चेहऱ्यावरून आणि चालीवरून ओळखावा लागतो. तिथे क्षेत्रीय निरीक्षणाचे काम करताना माझ्याकडे ठरावीक वेळाने टोळीच्या साधारण मध्यभागाचे स्थान जीपीएसवर नोंदवण्याची आणि अधूनमधून दहा मिनिटे एकाच मादीवर नजर ठेवून तिची प्रत्येक हालचाल टिपण्याची जबाबदारी होती. ज्या दिवसाबद्दल लिहीत आहे तो कोरड्या हंगामाच्या अखेरचा होता. पावसाला अवकाश होता, गवत वाळून पिवळे पडले होते आणि आमची टोळी शंभरीच्या जवळ पोहोचली होती.

एवढी मोठी टोळी पिवळ्या सालीच्या बाभळींवरून खाली उतरली, तरी लगेच निघत नाही. त्या सकाळीही बराच वेळ काही जण उन्हात बसून एकमेकांचे केस विंचरत होते. मग काही माद्या दलदलीच्या दिशेने चालू लागल्या, आणि मागची मंडळी तुकड्यातुकड्यांनी उठली. तासाभरात टोळी इतकी पांगली की पुढचे बबून झुडपांच्या रांगेपलीकडे दिसेनासे झाले, तेव्हा मागचे अजून झोपण्याच्या झाडांजवळच माती उकरत होते. माझे स्थानिक मसाई जमातीतले सहकारी पुढच्यांबरोबर गेले आणि मी मागे थांबलो.

माझ्यासमोर टोळीतल्या मानाच्या उतरंडीत खालच्या दर्जाची एक मादी होती. तिचे पिल्लू अजून काळ्या केसांचे, गुलाबी तोंडाचे होते आणि पोटाला बिलगून दूध पीत होते. कोरड्या दिवसांत बबून गवताची जमिनीतली कंदासारखी गाठ उकरून खातात. हे काम वेळखाऊ असते. घट्ट माती बोटांनी भुसभुशीत करायची, बुंधा दातांत धरून उपटायचा, त्याची माती हाताने झटकायची, आणि एवढे झाल्यावर घास जेमतेम बोराएवढा. तिने एक जागा उकरून नुकता पहिला घास तोंडात घातला असेल, तोच वरच्या दर्जाची एक मादी संथ पावलांनी तिच्याकडे आली. दात दाखवले नाहीत, आवाजही केला नाही. पिल्लू सावरत आई उठली, दहाएक पावले सरकून पुन्हा कोरड्या मातीत बोटे घालू लागली, आणि तिने उकरलेल्या खड्ड्यात दुसरी आरामात जेवू लागली. दहा मिनिटांच्या त्या नोंदीत हे पुन्हा घडले. मोठ्या पंगतीत शेवटी बसणाऱ्याच्या पानावर जे उरते, तेच मोठ्या टोळीतल्या अशा आईच्या वाट्याला येते.

दुपारी पाण्याजवळ चित्र एकदम पालटले. तिथे शेजारची एक छोटी टोळी आधीच बसली होती. आमचे पुढचे नर-माद्या दिसताच त्या टोळीतल्या माद्यांनी पिल्ले उचलली आणि सगळी टोळी, पाणी पुरते पिऊन होण्याआधीच, उघड्या मैदानाच्या दिशेने निघाली. मारामारी झाली नाही. आकडा पुरेसा बोलका होता. त्या टोळीच्या मागे असलेल्या सहकाऱ्याने संध्याकाळी आपला नकाशा दाखवला, तेव्हा तिची दिवसभराची वाट आमच्या टोळीच्या वाटेइतकीच लांब भरली होती.

मला त्या दिवसाचे महत्त्व इथे वाटते. टोळी जितकी मोठी तितके अन्न लवकर संपणार, म्हणून तिला जास्त चालावे लागणार, हा तर्क पाठ्यपुस्तकात सरळ रेषेसारखा मांडला जातो. अम्बोसेलीतल्या ५ टोळ्यांच्या ११ वर्षांच्या नोंदींवर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र आलेख इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचा निघाला. मध्यम आकाराच्या टोळ्यांचा वावर लहान क्षेत्रात होता, त्यांची रोजची चालही कमी होती आणि त्यांतल्या प्रौढ माद्यांच्या शरीरातील ताणाच्या संप्रेरकाची पातळीही सर्वांत कमी होती. मोठ्या टोळीला आपसातली स्पर्धा नडते. छोट्या टोळीला शेजाऱ्यांचा दबाव आणि शिकारी प्राण्यांचे भय सतत फिरवत ठेवत असावे, असे स्पष्टीकरण अभ्यासकांनी सुचवले. मी तो आलेख अनेकदा पाहिला होता, पण त्याची दोन्ही टोके एकाच पाणवठ्यावर, एकमेकांसमोर उभी राहिलेली त्या दुपारी प्रथमच पाहिली.

तरीही एक गोष्ट त्या आलेखात मावत नाही, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. टोळीच्या मध्याचे अंतर मोजले की ते सगळ्यांचे अंतर ठरते, पण प्रत्यक्षात जास्तीची चाल सगळ्यांनी सारखी सोसलेली नसते. दिवसभर उठवली गेलेली, दर वेळी वळसा घेऊन नवी जागा शोधणारी, पोटाशी पिल्लू असलेली ती आई संध्याकाळी झोपण्याच्या झाडांकडे निघाली, तेव्हा टोळीचा पुढचा भाग केव्हाच फांद्यांवर पोहोचला होता. अंधारात बिबट्याचा धोका असल्यामुळे तिला शेवटचा मोकळा पट्टा पळतच ओलांडावा लागला. नोंदवहीत मात्र त्या दिवसाचा एकच आकडा गेला.

दुसऱ्या दिवसापासून मध्याची नोंद नेहमीच्याच पद्धतीने चालू ठेवली. तिच्यात फेरफार केला तर जुन्या नोंदींशी तुलनाच उरत नाही. मात्र शेजारी आणखी एक रकाना आखला. टोळी कोणत्याही जागेवरून हलली की सर्वांत शेवटी तिथून कोण निघाले, त्या मादीजवळ पिल्लू होते का आणि पुढच्यांना गाठायला तिला किती वेळ लागला, हे त्यात लिहायचे ठरवले. मसाई सहकाऱ्यांनी त्यात स्वतःहून एक भर घातली. अशी मादी उठली ती आपणहून की कोणी उठवले म्हणून, हेही ते लिहू लागले.