टाकीतलं आकाश : निळा अखेर दिसला

आकाश निळं का दिसतं हे मुलांना दाखवायला काचेच्या टाकीतल्या (30 × 15 × 15 सेंमी) पाण्यात थोडं दूध घालून टॉर्चचा झोत सोडायचा, हा मागच्या नोंदीतला प्रयोग. त्यात आता खरा निळा झोत दिसतो. घोळ टॉर्चचा नव्हता, दुधाचा होता.

म्हशीच्या दुधाने टाकी निळी होतच नाही, थेट पांढरी होते. टॉर्च बदलून, थेंब कमी करून, मागे काळा कार्डशीट लावूनही फरक पडत नाही. कारण कणांच्या आकारात आहे. दुधातले स्निग्धांशाचे गोळे काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, तर निळ्या प्रकाशाची तरंगलांबी 0.45 मायक्रॉन. एवढे मोठे कण सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. रॅलेचा नियम (विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे 0.65 मायक्रॉनच्या लालपेक्षा 0.45 चा निळा चार पटींहून अधिक) फक्त फार लहान कणांना लागू पडतो. सुदैवाने दुधातच केसीन या प्रथिनाचे पुंजके आहेत, साधारण 0.1 ते 0.2 मायक्रॉनचे. तेही हवेच्या रेणूंपेक्षा कितीतरी मोठे, त्यामुळे टाकीतला निळा आकाशापेक्षा फिकाच राहणार, पण दिसतो! घरी साय काढून भागत नाही, स्निग्धांशाचे बारीक गोळे दुधात उरतातच.

म्हणून स्किम्ड मिल्क पावडर. 10 ग्रॅम पावडर 100 मिली कोमट पाण्यात घोटा, अर्धा तास ठेवा आणि दुहेरी सुती कापडातून गाळा. न विरघळलेले कण राहिले तर पुन्हा पांढरेपणा येतो. टाकीत 5 लिटर पाणी घेऊन सुई काढलेल्या सिरिंजने 2-2 मिली घालत, ढवळत जायचं. 4 ते 6 मिलीला बाजूने निळसर झोत दिसतो. 12 ते 15 मिलीला पलीकडच्या पांढऱ्या कागदावर सूर्यास्ताचा केशरी उतरतो. 20 च्या पुढे जाऊ नका. तिथे प्रकाश कणाकणावर पुन्हा पुन्हा विखुरतो आणि सगळंच दुधाळ होतं. तसं झालं तर निम्मं पाणी काढून ताजं भरा.

पाणी जारचंच घ्या. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. उकळून गार केलेलं तर मुळीच नको, चुन्याचे कण सुटून ते आधीच गढूळ झालेलं असतं. टॉर्च पांढऱ्या एलईडीचा, झूमवाला, समोर 1 सेंमी भोकाचा पुठ्ठा. पिवळट बल्बमध्ये निळा मुळातच कमी. प्रयोगसाहित्याच्या दुकानातल्या महागड्या प्रकाशपेटीची काही गरज नाही.

सगळ्यात मोठा आनंद पोलरॉइडचा, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश आरपार सोडणाऱ्या फिल्मचा. बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या डिस्प्लेवरची फिल्म अलगद सोलून काढा आणि झोताला काटकोनातून बघत फिरवा. लहान कणांनी काटकोनात विखुरलेला प्रकाश बहुतांशी एकाच दिशेने कंप पावतो, म्हणून पावडरच्या टाकीत निळा एका स्थितीत जवळपास विझतो, म्हशीच्या दुधात फारसा बदलत नाही. म्हणजे मुलं येण्याआधी मिश्रण तपासायची पक्की कसोटी हाती आली. 1921 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी जहाजावरून निकॉल प्रिझममधून (पोलरॉइडसारखंच काम करणारा स्फटिक) समुद्राचा निळा तपासला, तो याच जातीचा प्रयोग. मुलांना हे जरूर सांगा.

हे लिहिता लिहिता बेत बदलतो आहे. म्हशीचं दूध बाद कशाला करायचं? दोन टाक्या शेजारी ठेवू. म्हशीच्या दुधाची टाकी म्हणजे वैशाखातलं लातूर-बीडचं धुळीने पांढुरकं झालेलं आकाश, पावडरची म्हणजे पाऊस उघडल्यानंतरचं धुतलेलं. त्या दोन्ही आकाशांत फरक का, हे मुलांनीच फिल्म फिरवून शोधायचं. नंतर तीच फिल्म गच्चीवर: सूर्य मावळायच्या सुमारास त्याच्याकडे पाठ करून सरळ डोक्यावर बघायचं, तिथे सूर्यापासून 90 अंश होतात. सूर्याकडे फिल्ममधूनही बघू द्यायचं नाही.

दहावीच्या मुलांसाठी हायपो (सोडियम थायोसल्फेट) आणि आम्लाचा प्रयोग पुढच्या नोंदीत. तो उघड्या खिडकीशीच करायचा, सल्फर डायऑक्साइड सुटतो. तिथेही जारचंच पाणी, कारण बोअरच्या पाण्यातले बायकार्बोनेट आम्ल खाऊन टाकतात आणि गंधकाचे बारीक कण तयार व्हायला उगाच वेळ लागतो.