मॅक प्रो २००९: फर्मवेअरपासून सोनोमापर्यंतची नोंद

यंत्र: २००९ च्या सुरुवातीचा मॅक प्रो (मॉडेल क्रमांक ४,१), एका प्रोसेसरचा ट्रे (प्रोसेसर आणि मेमरीचा बाहेर निघणारा बोर्ड), मूळचे जीटी १२० ग्राफिक्स कार्ड. अ‍ॅपलने याला मॅकओएस एल कॅपिटनवर (१०.११) सोडून दिले. पण २०१० च्या ५,१ शी याचा बोर्ड इतका मिळताजुळता आहे की फर्मवेअर (बोर्डवरच्या चिपमधले मूळ सॉफ्टवेअर) बदलले की यंत्र स्वतःला ५,१ म्हणवते आणि मोहावीपर्यंतची वाट मोकळी होते. त्यापुढच्या मॅकओएससाठी ओपनकोर लेगसी पॅचर, म्हणजे जुन्या मॅकवर नवे मॅकओएस चालवणारे साधन. सध्या मॉन्टेरे रोजच्या कामाला आणि सोनोमा वेगळ्या एसएसडीवर चाचणीला आहे.

फर्मवेअर

प्रोसेसर हाताशी असला तरी आधी फर्मवेअर. वेस्टमिअर (इंटेलच्या पुढच्या पिढीची) चिप ४,१ च्या फर्मवेअरला ओळखूच येत नाही, त्यामुळे ती आधी बसवली तर यंत्र चालूच होत नाही. एल कॅपिटनवर फ्लॅशिंगचे (फर्मवेअर लिहिण्याचे) साधन चालवायचे तर रिकव्हरीतून एसआयपी (सिस्टिमच्या फाइलींचे संरक्षण) बंद करावा लागतो. मग शटडाउन करून, पॉवरचे बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरायचे.

पुढचे फर्मवेअर इन्स्टॉलरमधून येते. हाय सिएराच्या १०.१३.६ च्या पूर्ण इन्स्टॉलरमधून ००८९, आणि मोहावीच्या १०.१४.६ मधून १४४.०.०.०.०. १४० पासून एनव्हीएमई एसएसडीवरून (पीसीआयईवरच्या वेगवान डिस्कवरून) थेट बूट होते, म्हणून १४४ पर्यंत पोहोचायचेच. मोहावीला मेटल (मॅकओएसची ग्राफिक्स यंत्रणा) चालणारे कार्ड लागते, जीटी १२० काढून ठेवावे लागते आणि फाइलव्हॉल्टही (डिस्कचे एन्क्रिप्शन) बंद हवे. फ्लॅश चालू असताना वीज गेली तर बूटरॉम (फर्मवेअर साठवणारी चिप) अर्धवट राहतो. भारनियमनाच्या गावात यूपीएसशिवाय याला हात लावू नका. आतला पॉवर सप्लाय ९८० वॉटचा आहे, त्यामुळे साइन वेव्हचा यूपीएस बरा.

हे उरकले की बूटरॉमची प्रत काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवा. विंडोज यूईएफआय पद्धतीने थेट बसवले तर ते एनव्हीरॅममध्ये (बूटरॉममधल्या सेटिंग्जच्या जागेत) सिक्युअर बूटची प्रमाणपत्रे लिहीत राहते आणि कालांतराने बूटरॉम बिघडतो. ओपनकोरमधून सुरू केले तर हे लिखाण अडते.

प्रोसेसर आणि रॅम

झिऑन एक्स५६९० (वेस्टमिअर): सहा कोर, ३.४६ गिगाहर्ट्झ, १३० वॉट. हीटसिंकसाठी लांब दांड्याची ३ मिमी अ‍ॅलन की लागते, आखूड की स्क्रूपर्यंत पोहोचत नाही. एका प्रोसेसरच्या ट्रेवर (धातूच्या) झाकणासकट चिप बसते. दोन प्रोसेसरचा २००९ चा ट्रे मात्र बिनझाकणाच्या चिपांसाठी आहे. त्यावर झाकणाची चिप ठेवून हीटसिंक पूर्ण आवळला तर सॉकेटच्या पिना जातात. आणि ५,१ चा ट्रे आणून ४,१ मध्ये घालण्याचा शॉर्टकट नको: एसएमसीची (पंखे आणि वीज सांभाळणाऱ्या चिपची) आवृत्ती जुळत नाही, पंखे कायम पूर्ण वेगाने घोंगावतात. फ्लॅशिंगने एसएमसी बदलत नाही.

ट्रे बाहेर आलाच आहे तर नॉर्थब्रिजचा (प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणाऱ्या चिपचा) हीटसिंक बोटाने हलवून पाहा. त्याचे प्लास्टिकचे रिव्हेट वयाने ठिसूळ होतात. एक तुटला की हीटसिंक तिरका होतो आणि यंत्र अधूनमधून बंद पडते. लोक दोष प्रोसेसरला देतात. नायलॉनचे स्क्रू, स्प्रिंग आणि नवी थर्मल पेस्ट, एवढ्यात काम भागते.

मेमरी तीन चॅनलची आहे. रॅमच्या तीन काड्या चारपेक्षा सरस. चौथी एका चॅनलवर वाटा मागते. वेस्टमिअरमुळे मेमरी १३३३ मेगाहर्ट्झवर चालते. रजिस्टर्ड आणि अनबफर्ड काड्या एकत्र नकोत.

कार्ड आणि डिस्क

एएमडीचे आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड पहिल्या स्लॉटमध्ये. बोर्डवर छोटे सहा-पिनी असे दोन पॉवर कनेक्टर आहेत, प्रत्येकी ७५ वॉटचे. दोन्ही जोडून एक आठ-पिनी करणारी केबलच घ्या. एकाच सहा-पिनीवरून आठ-पिनी काढले तर खेळ किंवा रेंडर सुरू होताच यंत्र फटकन बंद होते. तो बोर्डचा बचाव आहे, कार्डाचा दोष नाही.

एनव्हीएमई दुसऱ्या स्लॉटमध्ये. तिसरा आणि चौथा एकाच चार लेनवर (डेटाच्या मार्गिकांवर) अवलंबून आहेत. पीसीआयई २.० मुळे वेग सेकंदाला १५०० एमबीच्या आसपास अडतो, म्हणून महागडी डिस्क घेण्यात अर्थ नाही. सॅटाच्या कप्प्यांतला ३ गिगाबिटचा वेग पाहता हेही खूप आहे.

मॉन्टेरे की पुढे?

आरएक्स ५८० चालवायला मॉन्टेरेत रूट पॅच (काढून टाकलेले ड्रायव्हर सिस्टिममध्ये परत घालणे) लागत नाही. मूळ वायफाय कार्डला लागतो. त्याजागी अ‍ॅडॉप्टरवर बीसीएम९४३६०सीडी बसवले तर तोही टळतो, एसआयपी पूर्ण चालू राहतो आणि अपडेट छोटे येतात. या कार्डाच्या ब्लूटूथला यूएसबी लागते आणि वायफायच्या खाचेत ती नाही; बोर्डावरच्या ब्लूटूथच्या जोडणीतून केबल ओढावी लागते.

व्हेंचुरापासून चित्र पालटते. त्यात एव्हीएक्स२ (प्रोसेसरच्या सूचनांचा एक संच) गृहीत धरले आहे आणि वेस्टमिअरकडे ते नाही. पोलारिसचे (५८० च्या पिढीचे) ड्रायव्हर पॅचर दुरुस्त करून देतो, म्हणूनच ५८० निवडले; नावी या त्यानंतरच्या पिढीच्या कार्डांचे या यंत्रावर व्हेंचुरापासून पुढे जमत नाही. शिवाय यूएसबी १.१ चा आधार काढल्यामुळे इन्स्टॉल होताच थेट जोडलेला कीबोर्ड-माउस मुका होतो. मध्ये यूएसबी २.० चा हब घाला आणि पोस्ट-इन्स्टॉल रूट पॅच लागेपर्यंत तो काढू नका. प्रत्येक अपडेटनंतर पॅच उडतो, पुन्हा लावावा लागतो, आणि सिस्टिमची सील (फाइली मूळच्याच असल्याची खूण) तुटलेली असल्याने दर वेळी पूर्ण इन्स्टॉलर उतरतो.

पहिल्या वेळी ओपनकोर निवडायला ५८० वर चित्र दिसत नसेल तर जीटी १२० तात्पुरते चौथ्या स्लॉटमध्ये घाला. ऑप्शन दाबून सुरू करा, कंट्रोल धरून 'ईएफआय बूट' निवडा. तीच निवड कायम राहते. ओपनकोर एकदा चालू झाले की त्याचा मेनू ५८० वरही दिसतो.

बाकी आहे ते: सोनोमावर झोपेतून उठताना यूएसबीचे काय होते ते पाहणे, आणि बोर्डावरचा बीआर२०३२ सेल बदलणे.